दोन हिरव्या एमजींपैकी दादाची कोणती

मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू येणेप्रमाणे: काचेची तीन कपाटे, बारीक तार ओवायचा एक चिमटा, तारेच्या आऱ्यांची छप्पन चाके, आणि १:४३ मापाची एक अख्खी एमजी, म्हणजे त्या ब्रिटिश मोटारीचे मॉडेल. कुठल्याही वर्गाला न जाता, बघून बघून. वय चोपन्न, सोमवारी हृदयाचे ऑपरेशन. हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर लिहितो. गोंधळ आहे तो फक्त कलम तीनपुरता.

१. घर व बँकेतली शिल्लक पत्नीची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. हत्यारे व जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांची पंचवीस मॉडेल्स मुलीची. जग्वारचे बॉनेट उघडू नये, बिजागरी नाजूक आहे.

३. उरल्या दोन हिरव्या एमजी. एक थोरल्या भावाची. लहानपणी वडिलांनी दादाला दिलेली. "हातचं काम लपत नाही रे, कितीही घास," असे तो माझी मॉडेल्स बघून चारचौघांत म्हणाला, म्हणून मापे घ्यायला ती आठ दिवसांसाठी आणली. त्याला अकरा वर्षे झाली. तिच्यावरून साचा काढून दुसरी केली. साच्यातला तुकडा निवताना केसभर आकसतो. तेवढी कसर मी भरून काढली. दादाने जिन्यात पाडून मडगार्डचा रंग उडवला होता, तोही तस्साच उडवला. माझ्या प्रत्येक कामाखाली मी खूण कोरतो. हिच्याखाली कोरली नाही, कारण मूळ गाडीखाली नव्हती.

मग पत्नीने कपाट पुसले. "अहो, दोन्ही एकदम उचलल्या. तुम्हीच केलीत ना, मग ओळखा की!"

ओळखता येत नाही. महिनाभर भिंग घेऊन बसलो. सकाळी डावी माझी वाटते, जेवणानंतर उजवी.

४. दादाला त्याचीच मिळावी, आणि मुलीला बापाने केलेली. आज दादाला विचारायला जीभ रेटत नाही. म्हणून माझ्यामागे त्याने दोन्ही हातात घेऊन एक उचलावी. चुकला तरी ती त्याची. उरलेली मुलीची, आणि तिने ती माझीच समजावी.

ठिकाण: राहत्या घराची मागची खोली. दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९.

(सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. (सही)

साक्षीदार दुसरे: जुन्या खेळण्यांचे व्यापारी. (सही) यांनी सहीआधी भिंगातून पाहून डावी अस्सल ठरवली व किंमत सांगितली. चहा झाल्यावर पुन्हा पाहून उजवी. दादाची विकायचा मला हक्क नाही, माझी मला विकायची नाही. दोन्ही वेळा नाकारलेली रक्कम एकच: रोख साठ हजार.