तलवारवाल्याला दार

आइंडहोवन, नेदरलँड्स, एप्रिल २०२०

सुदर्शनच्या वडिलांना,

विमानं बंद आहेत, म्हणून मी इथे लेकाकडे अडकले आहे. नात उत्तरा मला रोज जपानी कार्टून दाखवते. त्यातला तलवारवाला माणसं सपासप कापतो आणि मग झाडाखाली उभा राहून एका बाईसाठी उसासे टाकतो. मला आवडतं.

काल शेवटचा भाग होता. बारा वर्षांनी तो बर्फातून तिच्या दाराशी आला आणि तिनं दार उघडलं. उत्तरा रडायला लागली.

"हिनं कडी काढलीच कशाला?" मी म्हटलं.

"आजी, लव्ह आहे ते! तिच्यासाठी त्यानं चाळीस लोक मारले."

"चाळीस मारले, पण एक पत्र टाकलं का?"

तेवढ्यात सुदर्शनला तुमचा फोन आला, एकतीस वर्षांनी. ज्या बाईसाठी आम्हाला सोडलंत ती वारली, पुतण्याकडे तुम्हाला करमत नाही, म्हणून मिरजेच्या घराची किल्ली हवी. सुदर्शन माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी फोन घेतला आणि "नाही" म्हटलं. सून शेजारीच होती, म्हणून तेवढ्यावरच सुटलात.

बाकीचं इथे लिहिते. ते घर तिसरी शिकलेल्या बाईनं लोकांची ब्लाउजं शिवून बांधलं आहे. त्यात कोण येणार ते मीच ठरवणार. हे पत्र मात्र टाकणार नाही. माझं अक्षर बघायचा मान तुम्हाला कशाला?

आज उत्तरानं नवीन मालिका लावली आहे. यात तलवार बाईच्या हातात आहे.

मिरजेच्या घराची मालकीण,
अनसूया