तक्रार बंद करण्यात आली आहे

शनिवार, १४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तू, भावजी आणि पोरं मजेत असाल. धाकटीचा पडलेल्या दातासकटचा फोटो मिळाला, डिट्टो तुझ्यासारखी दिसते. माझी तब्येत ठीक आहे. डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

मेसेज टाकायचा सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं म्हणशील. पण मेसेजवर माझं एक वाक्य पुरं होत नाही तोच तुझे चार प्रश्न येऊन पडतात, आणि उत्तरं देता देता मी भलतीकडेच जाते. मला सलग सांगायचं आहे. शेवटपर्यंत वाच, मग काय ते भांड.

आधी इंटरनेटचं. आपण व्हिडिओवर बोलायला बसलो की माझे हात चौकोन चौकोन होऊन हवेत गोठायचे आणि तू तिकडून "काय? काय?" करत राहायचीस. ऐकू येणाऱ्यांचं बरं असतं, चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो. आपलं चित्र अडकलं की बोलणंच खुंटलं.

तुझ्याशी बोलणं अडलं तर एक वेळ चाललं असतं, पण माझे वर्गही त्याच लाइनवर. बहिऱ्या मुलांचे आईबाप खुणा शिकायला बसलेत आणि बाई अर्ध्या खुणेत पुतळा झाल्यात. एका आईने 'झोप'ची खूण अर्धीच पाहिली आणि लेकराला आठवडाभर भलतंच काहीतरी सांगत राहिली. शेवटी वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या बाईंनी गोड शब्दांत कळवलं की महिनाअखेरपर्यंत लाइन सुधारली नाही तर वर्ग दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. गोड शब्दांत कळवलं की मला जास्त राग येतो.

मी काय नाही केलं? राउटर इतक्या वेळा बंद-चालू केला की त्याचं बटण खिळखिळं झालं. तो कपाटावर ठेवून पाहिला, फ्रिजवर ठेवून पाहिला, खुर्चीत बसवून पाहिला. वायर बदलली. वेग तपासला तर उत्तर येई, तुमचा वेग उत्तम आहे. मग रीतसर तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेसेज: 'आपल्याशी फोनवर संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. उत्तर न मिळाल्याने आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.' मी लिहिलं, बाबांनो, मला ऐकू येत नाही, लिहून विचारा. त्यांनी लिहिलं, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याला फोन करील. त्याने केला. तक्रार बंद.

भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं राहिलं होतं.

मधेच एक दुरुस्तीवाला येऊन गेला. आपल्या वायरीतून प्रकाश धावतो म्हणे, आणि तो पुरेसा पोचतो की नाही हे त्याच्या हातातलं यंत्र दाखवतं. यंत्राने सगळं छान दाखवलं. त्याने अंगठा वर केला, आलोच आहोत तर म्हणून राउटर बदलला आणि गेला. संध्याकाळी वर्ग सुरू केला. पुन्हा चौकोन.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना फोन करायला सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी सांगितलं, "अहो, ती मुलगी बोलत नाही." त्यावर कंपनीने शेरा मारला: 'ग्राहक बोलण्यास तयार नाहीत.' तक्रार बंद.

इथपर्यंत तुला हसू आलं असेल. आता येणार नाही. मी बाबांना बोलावलं.

पत्र खाली ठेवू नकोस. दुसरं कोण होतं मला? कंपनीला घरचं माणूस हवं होतं, आणि ते ऐकू येणारं हवं होतं. आपल्या घरात असं आता एकच उरलं आहे.

ते सकाळीच आले, पिशवी घेऊन. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि फोन कानाला लावला तो दिवसभर काढला नाही. आयुष्यभर बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवलेला माणूस. मानेच्या शिरा बघूनच मला कळत होतं की तिकडच्या पोरीची काय अवस्था झाली असेल. मिशांमुळे ओठ तर कधीच वाचता आले नाहीत. मधूनमधून एका बोटाने टाइप करून मला दाखवत: 'थांबा म्हणतात.' थोड्या वेळाने: 'अजून थांबा म्हणतात.' चहाचा कप त्यांनी राउटरवर ठेवला. कंपनीचा राग कमी होता म्हणून की काय, मला त्यांचाही यायला लागला.

वर्गाची वेळ झाली. उजेडाची तिरीप चेहऱ्यावर आली की खुणा नीट दिसत नाहीत, म्हणून नेहमीप्रमाणे मी सरकती खिडकी घट्ट लावून पडदा ओढला. सुरुवात केली आणि पाच मिनिटांत चौकोन. बाबांना कोंडल्यासारखं झालं असावं. ते फोन कानाला धरूनच उठले आणि सरळ खिडकी उघडली. मी भडकले. दोन्ही हात उडवून त्यांना म्हटलं, लावा ती आधी! आणि स्क्रीनवर पाहते तर सगळे आईबाप हसत होते. त्यांना माझं भडकणं अखंड दिसलं होतं.

बाबांनी खिडकी लावली. चौकोन. उघडली. स्वच्छ. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो.

वायर त्या खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यातून आत येते. तावदान घट्ट लावलं की ती दबून मोडल्यासारखी वाकते, प्रकाश कमी पोचतो आणि पाठवलेलं सगळं वाटेत बिघडतं. बोलायला बसायचं म्हणून खिडकी लावायची मी, आणि दुरुस्तीवाला आला की हवा खेळावी म्हणून उघडायचीही मीच. त्याच्या यंत्राला दोष दिसणार कुठून! बाबांनी हे सगळं फोनवर अशा आवाजात सांगितलं की खालच्या काकू वर आल्या. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने भिंतीला भोक पाडून नवी वायर आत घेतली. लाइन झकास चालते आहे.

तरी मी तुला व्हिडिओ लावला नाही. कारण बाबा गेले नाहीत.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर त्यांनी टाइप केलं, 'ही माणसं पोरांसाठी हे सगळं शिकतात?' मी मानेने हो म्हटलं, आणि मग माझा तोल गेला. लिहिलं, तुम्ही का नाही शिकलात? दवाखान्यातलंही लिहिलं. अख्ख्या गोतावळ्याला फोनवरून कळलं होतं, आणि आपण दोघी आईसाठी स्वेटर घेऊन जिना चढत होतो. तू हातांनी विचारलंस आई कुठाय, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते सगळं लिहिलं.

ते बराच वेळ टाइप करत राहिले. पुसत, पुन्हा लिहीत. शेवटी फोन माझ्यापुढे धरला.

'तुम्हाला काहीही सांगायचं झालं की मी तिला सांगायचो, ती तुम्हाला सांगायची. ती गेली हे तुम्हाला सांग, असं कोणाला सांगणार होतो?'

ताई, हे काही कारण झालं नाही. मी त्यांना तसं लिहूनही दाखवलं. शिकला असतात तर स्वतः सांगता आलं असतं, असं लिहिलं. त्यांनी वाचलं आणि मान हलवली. या वेळी तोंड फिरवलं नाही.

माझा राग गेलेला नाही, आणि तुझ्या रागाचं तू काय करायचं ते मी सांगणार नाही. पण ते आता स्वतःच्या फोनवरून वर्गात बसतात, सगळ्यांत शेवटी. इतका ढ विद्यार्थी मला आजवर मिळाला नव्हता. बोटं तिकिटं फाडल्यासारखी चालतात, एकच खूण रोज नव्याने विचारतात, आणि आईबापांच्या मांडीवर बसलेल्या, नातीच्या वयाच्या पोरी त्यांना सुधारतात. तुला हाक मारायची खूण कोणती, हेही त्यांनी विचारलं. कानामागे केस सारायची ती, आईने ठेवलेली. ती दाखवली तर बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आई केस सारखे करते आहे.

त्यांना तीन वाक्यं तुला स्वतः सांगायची आहेत. आई गेली. मी सांगितलं नाही. माझं चुकलं. तिसरं अजून नीट जमत नाही, अंगठा चुकतो. तुला कळेल.

येत्या रविवारी नको, त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी मी व्हिडिओ लावीन. समोर ते बसतील, मी बाजूला असेन. आई मध्ये उभी राहून सांगायची तसं मी काही सांगणार नाही. तू उचलला नाहीस तर तो तुझा हक्क आहे. फक्त लाइन खराब असेल, असं मला त्यांना म्हणता येणार नाही. ती त्यांनीच दुरुस्त करून घेतली आहे.

वाट बघतो.

तुझे,
आम्ही दोघं