विजयी हेडर

प्रिय आई,

आमचा फुटबॉल संघ वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. पण आज संताप आवरत नाहीये.

मध्यंतरापूर्वी आमच्या कॅप्टनचं, डीनचं, डोकं दुसऱ्या खेळाडूच्या डोक्यावर आदळलं. डीन उठला आणि चुकून प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावर जाऊन बसला! फिजिओ म्हणून मी ओरडले, "याला बाहेर काढा."

मॅनेजर हसले. "पोरी, डिग्री घरी भिंतीवर टांग. डीन, गोल कुठल्या बाजूला मारायचाय रे?" त्याने बोट दाखवलं. झाली तपासणी! डोक्याला पट्टी बांधून त्याला पुन्हा उतरवलं, आणि रक्ताळलेली पट्टी पाहून लोक अजूनच चेकाळले.

विजयी हेडर त्यानेच मारला, त्याच जखमी डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. नंतर ड्रेसिंग रूममध्ये त्याने मला विचारलं, "जिंकलो का गं आपण?" सगळे खो खो हसले. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. तेव्हाही हसले.

बाबांना आता तुझं नाव तरी आठवतं का? त्यांनीही बचावफळीतला सेंटर-हाफ म्हणून जन्मभर असेच डोक्याने चेंडू मारले.

त्यांना निकाल सांग. गोल हेडरने झाला, हे मात्र सांगू नकोस. ते टाळ्या वाजवतील, आणि आज मला ते सहन होणार नाही.

तुम्हा दोघांची,
हेझल