पाय कुणी धरायचे

३ मार्च

पडले! लिहून टाकते एकदाचं, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

दूधवाल्याने बेल वाजवली, मी स्वयंपाकघरातून निघाले आणि मधल्या बोळकांडीत धाडकन आडवी. खुबा ठणकतोय, कोपर सोललंय, मोडलं काही नाही. गंमत म्हणजे एकाच पायात चप्पल होती. दुसरी ओट्यापाशीच राहिलेली! पायातली चप्पल निघते आणि आपल्याला पत्ता नाही — वेंधळेपणाची कमाल आहे. फरशी ओली, पाय अनवाणी, झालं.

आणि घार! आपल्या खोलीतून आली, माझ्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि विचारते कशी — "कोण आहे? काय पडलंय?" घरात माणसं दोन. एक ही विचारणारी. मग पडणार कोण? म्हटलं, "बटाट्याचं पोतं पडलंय वहिनी, उचला!" तेव्हा कुठे वाकली.

तोंडावर वहिनी, वहीत घार. थोरली जाऊ आहे, तोंडावर म्हणायची सोय नाही. नाव काही मी ठेवलेलं नाही, शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. तिथल्या ऑफिसात नोकरीला होती, बसल्या बसल्या फाटकातून निसटणारं पोर टिपायची म्हणे. दोघी भावांच्या बायका, दोघींचे नवरे गेले, आता या घरात ही माझ्यावर नजर ठेवते.

तिच्याकडून वचन घेतलं. माझ्या मुलाला एक अक्षर कळता कामा नये. "बरं," म्हणाली.

५ मार्च

सांगितलं! दोन दिवस पोटात राहिलं नाही बाईच्या!

मुलाचा फोन. "आई, काकू बोलली मला. आता पुरे झालं. तू इकडे ये." इकडे म्हणजे त्याच्या घरी. काचेसारखी फरशी, बाहेर पडायचं तर कुणीतरी सोबत. सून चांगली आहे, वाईट म्हणणार नाही. पण "आई, तुम्ही बसा" एवढं म्हटलं की माझा दिवस संपतो. मी काय बसणारी आहे? उभा जन्म पाण्याचे मीटर वाचत गावभर हिंडले. जिन्याखाली, मोरीमागे, कुत्र्यांच्या तावडीत, हातात बॅटरी घेऊन. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पायाला भिंगरी आहे. ती अजून आहे!

भांडून मुदत मिळवली. महिन्याभराने तो येणार, स्वतःच्या डोळ्यांनी बघणार, मग ठरवणार. बाजारात घोडी बघतात तसं.

घारीला विचारलं, का सांगितलंत? तर म्हणे, "पुढे मला जमेनासं होईल." काय जमेनासं होईल? माझं हिने असं करायचं तरी काय असतं? चहाडखोर कुठली. आजपासून बोलणं बंद.

१२ मार्च

अबोला चालू आहे. घरात रेडिओ तेवढा बोलतो.

१७ मार्च

भांडताना एक गोष्ट ध्यानातच आली नाही. नखं!

माझी कंबर वाकत नाही, पोट मध्ये येतं. पायाची नखं कित्येक वर्षं घारच कापते. त्याबदल्यात तिच्या गोळ्यांच्या पट्ट्या मी वाचून काढून ठेवते, कारण तिचा चष्मा कधी जागेवर सापडतच नाही. गोळ्या अजूनही ठेवते हो! न बोलता ठेवते. वैर वैराच्या जागी.

आज पाय स्टुलावर ठेवून पाहिला, मग खाटेवर, मग भिंतीला टेकवून. नेलकटर तीनदा खाली पडलं, तेसुद्धा उचलता येईना, झाडूने ओढून घेतलं. शेवटी कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये गेले. तिथल्या मुलीने मोजा काढून पाय बघितला आणि मोजा परत चढवला. "मावशी, साखर आहे का तुम्हाला? मग नाही बाई, आम्ही हात लावत नाही. पायांच्या दवाखान्यात जा."

घारीला सांगायचं? म्हणजे तिने माझे पाय धरावेत म्हणून आधी मी तिचे धरायचे. मेले तरी जमणार नाही.

२४ मार्च

पायांच्या दवाखान्यात जाऊन आले. गेले नसते तर बरं झालं असतं.

डॉक्टरीण माझ्या नातीच्या वयाची. हातात एक जाड दोरा, मासे धरायच्या गळाला असतो तसा. "आजी, डोळे मिटा. दोरा टेकला की हो म्हणा." मिटले. वाट बघते, काहीच नाही. म्हटलं, ही गप्प बसणार नाही, टेकवतच असेल. मग अंदाजाने सुरू केलं — हो... हो... हो. अगदी ठेक्यात! स्वतःवर खूष झाले मी.

"आजी," ती म्हणाली, "आत्ता दोन वेळा हो म्हणालात ना, तेव्हा मी पाण्याची बाटली उघडत होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पोरगी हसली नाही. म्हणाली, साखरेने तळव्यांची जाणीव गेलीय, म्हणून तर चप्पल निघाली ते कळलं नाही. मग एक एक सांगत बसली. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या. पायात घालण्याआधी झटका. रोज आरसा धरून तळवे बघा. बोळकांडीतलं पायपुसणं आजच काढा, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. तिच्याकडे कापून मिळतील, पण नंबर पुढच्या महिनाअखेरीचा. "तोवर घरात ज्यांची नजर चांगली आहे त्यांच्याकडूनच कापून घ्या."

नजर! नजरेचा आमच्याकडे काय तोटा!

येताना रस्त्यात सारखी पायांकडे बघत होते. आहेत जागेवर, चालतायत, पण सांगत काहीच नाहीत. घरात एक अबोला काय कमी होता, त्यात हे दोघे. मुलाला यातलं काही कळलं तर संपलंच. तो संध्याकाळी सामान बांधेल.

२९ मार्च

पट्ट्याची चप्पल घेतली. पायपुसणं काढलं. रोज बोळकांडीत चालायचा सराव करते, मान वर, हात सुटे. आज वळले तर मागून घार येत होती, भिंतीला हात लावून लावून. मी धडपडले म्हणून माझी नक्कल करते! या वयात!

२ एप्रिल

कसं लिहू कळत नाही.

दुपारी घार नेलकटर घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. एवढ्या दिवसांनी पहिलं वाक्य — "दे पाय इकडे. रविवारी येणार ना तो? नखं चपलेवर टकटक वाजतात तुझी, ऐकायला येतात मला." खाली वर्तमानपत्र पसरलं, माझा पाय मांडीवर घेतला. मी मनात म्हटलं, शेवटी कुणी कुणाचे पाय धरले! अशी खूष झाले की बोलायची नाही.

एक एक बोट अंगठ्याने चाचपत होती. इतकी हलक्या हाताची कधीपासून झाली, असंही मनात आलं. मग वर्तमानपत्रावर लाल ठिपका दिसला. वाटलं, जाहिरातीची शाई. ठिपका पसरला. माझ्या बोटाचं मांस कापलं गेलं होतं, रक्त तिच्या हातावर ओघळत होतं आणि ती पुढचं नख शोधत होती.

"अगं, पाणी कुठून आलं?" ती म्हणाली.

पाणी!

मी तिच्या तोंडासमोर हात धरला. "वहिनी, किती बोटं आहेत?"

तिलाच काहीतरी उमगलं. हाताचा वास घेतला. "हे तुझं रक्त आहे? मग ओरडली का नाहीस?"

सांगून टाकलं तिला, तळवे मला काही कळवतच नाहीत.

मग ती म्हणाली, "मधलं काही दिसत नाही गं. मधोमध धूर. कडेकडेचं दिसतं. तुझे कान दिसतात, तोंड नाही." डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला गेल्या वर्षीच सांगितलं होतं. लेकीला बोलली नाही, नाहीतर ती ओढून आपल्या गावी नेईल. "तू पडलीस त्या दिवशी मला वाटलं, धुण्याचा ढीग आहे. ओलांडणार होते. म्हणून तुझ्या मुलाला सांगितलं. उद्या तू पडून राहिलीस तर मला दिसणारसुद्धा नाहीस."

मला रडू आलं. बोटाला पट्टी बांधता बांधता रडत होते, आणि बोट काही दुखत नव्हतं!

ठरलं. तिचं मी सांगायचं नाही, माझं तिने सांगायचं नाही. या खेपेला वचन मी दिलं.

६ एप्रिल

मुलगा येऊन गेला. बोळकांडीत चालून दाखवलं — मान वर, हात सुटे. पट्ट्याची चप्पल बघून खूष, पायपुसणं काढलेलं बघून खूष. न्हाणीघरात दांडा बसवून दिला, स्वतः लोंबकळून बघितलं. मोज्याच्या आतली पट्टी त्याला दिसली नाही.

निघताना म्हणाला, "राहा आई इथेच. काकूची नजर आहे तोवर मला काळजी नाही. शाळेत घार म्हणायचे ना गं काकू तुला?"

वहिनी त्याच्या कानांकडे बघून हसल्या.

जिंकले. घर राहिलं. मग एका जागी बसवत का नाही? दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतेय. वहिनी शेवटी ओरडल्या, "बस की गं, आवाजाने डोकं दुखायला लागलं."

९ एप्रिल

सकाळी वहिनींच्या हातून पेला फुटला. मी बाहेर गेले होते. त्यांनी हाताने चाचपून काचा गोळा केल्या आणि मला काही बोलल्या नाहीत. मी आले, पाय पुसायला चप्पल काढली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून तशीच आत पळाले. जुनी खोड. गॅस बंद केला, खिडकी उघडली, गच्चीवरचे कपडे काढले, घड्या केल्या. मग वळून बघितलं. गच्चीपासून ओट्यापर्यंत लाल पावलं. एकच पाय, पुन्हा पुन्हा.

आणि वहिनी ती पावलं तुडवत इकडून तिकडे जात होत्या, मला विचारत होत्या, चहा टाकू का?

आरसा धरला तर टाचेत काच. काढली. आमचं कसं चाललंय ते काल कुणी विचारलं असतं तर म्हटलं असतं, एकमेकींना धरून आहोत. कसलं धरून! एकीला दिसत नाही, दुसरीला दुखत नाही. एखाद्या दिवशी दोघींतली एक या बोळकांडीत पडून राहील आणि दुसरी चहा टाकेल.

वहिनींना म्हटलं, सांगून टाकू या का? माझा हात घट्ट धरला. "वचन दिलंयस तू."

१० एप्रिल

फोन केला. मुलाला. माझे पाय सांगितले, त्यांचे डोळे सांगितले, काही म्हणता काही ठेवलं नाही. त्याने त्यांच्या लेकीला कळवलं. रविवारी दोघं येतात. घराचं कुलूपही आणतील बहुतेक.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.