संपाचा निकाल

प्रिय बाबा,

या सत्रात तुमच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले सगळे निकाल मी वाचले. कारखानदाराला दिलासा, मंत्र्याला दिलासा आणि शेवटच्या दिवशी आम्हा नर्सेसचा संप बेकायदा. तोही तुमच्या सहीने! आमचं म्हणणं ऐकायला म्हणे वेळ नव्हता.

लहानपणी दादाचं आणि माझं भांडण झालं की तुम्ही मला त्याची बाजू मांडायला लावायचात, त्याला माझी. मगच निवाडा. अख्खा वॉर्ड मी एकटी सांभाळते, हे या वेळी कोणी मांडलं तुमच्यापुढे?

हे पत्र पाठवत नाही. उद्या हॉस्पिटलच्या फाटकात बसणार आहे, ते पेपरात वाचालच. पोलीस पूर्ण नाव विचारतील. वडिलांचं नाव मी खणखणीत सांगणार आहे.

तुमचीच,
छकुली