पूर्वेच्या खिडकीची काच

४ मार्च
खर्च: रंगीत काच, निळी व पिवळी, ६४०. काच कापायचे कटर १८०. भट्टीचे भाडे एका वेळचे ३००. भट्टीवाल्या बाईंनी एक पैसा सोडला नाही.
प्रार्थनागृहाच्या पूर्वेच्या खिडकीत काचचित्र बसायचे आहे. चिटणीसांनी नमुने मागितले, माझा आणि धाकट्या जाऊबाईचा. म्हणजे तिचा मागितला, माझा मी देणार म्हणून कळवले. अठरा वर्षे तिथली फरशी मी पुसते. खिडकी माझीच.

७ मार्च
जाऊबाई मुक्कामाला. काचेचे शिक्षण घेतलेली, आता त्याचाच क्लास चालवते. विचारले, सुचते कुठून गं? म्हणे, ताई, काल रस्त्यात डबक्यावर तेल सांडले होते, त्याचे रंग बघत अर्धा तास उभी होते. देवाच्या खिडकीत गटार! तिच्या चहात साखर कमी घातली.

८ मार्च, पहाटे ५
ध्यानात प्रेरणा झाली. उगवता सूर्य, खाली तीन निळ्या लाटा.
नंतर: तिची वही टेबलावर उघडी होती, म्हणजे मी उघडल्यावर. रात्री सहज पाहिली होती. त्यातही सूर्य आणि तीन लाटा. माझ्या ध्यानातले तिला आधीच कसे कळले, देव जाणे.

११ मार्च
सूर्याला लाल काच साडेचारशे! खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या फोडल्या. फुकट सूर्य. भट्टीवाल्या बाई म्हणाल्या, दोन जातींच्या काचा एकत्र वितळवू नका, गार होताना कमीजास्त आकसतात, मग तडकतात. माल खपवायची युक्ती. घरी जाऊबाईनेही तेच सांगितले. तेव्हाच ओळखले, दोघी सामील आहेत.

१३ मार्च
भट्टीतून निघाले. अखंड! जाऊबाई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, ताई, असा तपकिरी सूर्य मला सुचला नसता. टोमणाच. मेलीला मत्सर लपवता येत नाही.

१६ मार्च
दोन्ही नमुने चिटणीसांपुढे. मी साधनेचे महत्त्व सांगत होते. टिक्. सूर्याला चीर. म्हटले, उगवताना किरण फुटायचेच. टिक्. अर्धा सूर्य फरशीवर. चिटणीस म्हणाले, वहिनी, झाडू कुठे असतो ते तुम्हालाच ठाऊक.
काचेला दृष्ट लागली. कोणाची, ते लिहीत नाही.

२ मे
जाऊबाईला पत्र. कच्चा मसुदा:
'तुझी खिडकी बसली. काम बरे आहे. सकाळी तिचा रंग नेमका मी बसते तिथे पडतो. दोन दिवस जागा बदलून बसले. काल प्रार्थना संपली, सगळे उठून गेले, मी मात्र तळहात उघडून बसून राहिले. हात निळे झाले होते. पुसावेसे वाटेनात. तुझ्या क्लासात मॅट्रिक झालेल्यांना घेतात का? घरच्या माणसाला फी किती? उलट टपाली कळवावे.'