आंदणातली सवत

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

आले एकदाची! संगमेश्वरला एसटी चहासाठी थांबली, तेव्हाच हवा बदलली होती. अंगाला चिकटणारी, ओली, खारी हवा. ही हवा हार्डडिस्कला वाईट, असं पहिलं मनात आलं आणि माझं मलाच हसू आलं. माणसं समुद्र बघून कविता करतात, मला गंजलेले कनेक्टर दिसतात.

लग्न जूनमध्येच झालं. पण पुण्यातलं आमचं डेटा रिकव्हरीचं दुकान मालक बंद करत होते, त्याची आवराआवर होईपर्यंत मी तिथेच अडकले. आजपासून मात्र मी कायमची रत्नागिरीकर. घर मांडवीला, समुद्र हाकेच्या अंतरावर. दर्शन बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे त्याचे हात कायम गार असतात. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारणीला मोठ्याने सांगितलं, की आमची घाटावरची सून आली, हिला आता काटे काढून मासे खायला शिकवायचं. मी साताऱ्याची. मला बांगडा आणि सुरमई यांतला फरक सांगता येत नाही. पण बाई प्रेमळ आहेत. चौतिसाव्या वर्षी एवढं मिळालं, आणखी काय हवं?

सामानात कपडे थोडे आणि हत्यारं फार. तळाशी, तीन पिशव्यांत गुंडाळलेली अक्षयाची ड्राइव्ह. अक्षया म्हणजे दर्शनची पहिली बायको. बाकीच्या नवऱ्या आंदणात कपाट आणतात, मी सवत आणली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज सगळं नीट लिहून ठेवते.

अक्षया दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने गेली. तिचे सगळे फोटो आणि व्हिडिओ या एका ड्राइव्हवर होते. वीज गेली असताना अंधारात कुणाचा तरी धक्का लागून ड्राइव्ह टेबलावरून पडली आणि तेव्हापासून नुसती टक्‌ टक्‌ करते. दुसरी प्रत कुठेच नाही. मागच्या वर्षी दर्शन तीच टॉवेलात गुंडाळून आमच्या दुकानात घेऊन आला. मी नेहमीचं व्याख्यान झोडलं: तीन प्रती ठेवाव्या, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, एक घराबाहेर असावी. तो ऐकता ऐकता रडायला लागला. गिऱ्हाइकं रडतात, मला त्याची सवय आहे. पण हा असा रडला, की माझ्या मनात आलं, आपल्यासाठी असं कुणी रडेल का? मी त्याच्या प्रेमात पडले ती त्या रडण्यामुळे. खरं ते लिहावं.

इथे एक रीत आहे. मला नवी साडी आली, की ती आधी अक्षयाच्या फोटोपुढे ठेवायची आणि मग मी नेसायची. फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. डोळे अर्धे मिटलेले, चेहरा शिंक येतेय असा. सासूबाईंना तो आवडत नाही. यंदा अविधवा नवमीला चांगला फोटो हवा, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. त्या दिवशी नवऱ्याच्या आधी गेलेल्या सुनेच्या नावाने पान वाढतात आणि सवाष्ण जेवायला घालतात. नवमी पंधरा सप्टेंबरला आहे.

थोडक्यात, सवतीचा चांगला फोटो काढून देण्याचं काम माझ्याकडे आहे. देवालाही गंमत सुचते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

डोनर मिळाला! अक्षयाच्या ड्राइव्हचे हेड, म्हणजे आतली चकती वाचणारी बारीक टोकं, मोडलेत. ते बदलायचे तर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, शक्यतो त्याच महिन्यात बनलेली दुसरी धडधाकट ड्राइव्ह लागते. तिचे हेड काढून हिला बसवायचे. ती मरते, ही थोडा वेळ जगते. वर्षभर शोधत होते, आज कुरियरने आली.

दर्शनने विचारलं, चांगली चालणारी ड्राइव्ह त्यासाठी मारायची का? मी म्हटलं, हो, आमच्या धंद्यात असंच असतं. त्याला ते फार लागलं. मग अक्षयाच्या ड्राइव्हच्या मानाने आपल्या डोनरचं नशीब फुटकं, असं मी थट्टेत म्हणाले. तो हसला नाही.

उद्यापासून गणपती, सगळे सासरच्या मूळ गावी, पूर्णगडला चाललोय.

३ सप्टेंबर, बुधवार

परत आलो. पूर्णगडला प्रत्येक बाईने मला अक्षयाचं कौतुक ऐकवलं. अक्षयाचे मोदक, अक्षयाची फुगडी, अक्षयाचा आवाज. मेल्या म्हशीला मणभर दूध! मी केलेल्या मोदकांबद्दल एकीनेच विचारलं, की हे आंबाडे आहेत का गो? आंबाडे म्हणजे इथली आंबट फळं.

आज दुपारी काचेच्या बंद पेटीत दोन्ही ड्राइव्ह उघडल्या. धुळीचा कण पडला तरी चकतीवर चरा जातो, म्हणून श्वाससुद्धा बेताने घेत होते. हेड बसले. वीज दिली. टक्‌ टक्‌ थांबली आणि बारीक घूं सुरू झाली. दर्शन दारात उभा होता, त्याने खाली बसून जमिनीला हात लावून नमस्कार केला. माझ्या एवढ्या कामाला नव्हे, त्या घूंला.

आता नक्कल चालू आहे. मूळ ड्राइव्हवर कधीही काही लिहायचं नाही, आधी जशीच्या तशी नक्कल काढायची आणि पुढचं सगळं नक्कलेवर करायचं. आमचं पहिलं आणि शेवटचं शास्त्र.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नक्कल झाली. जवळजवळ सगळं शाबूत. एकटीच बसून बघितलं.

ती सुंदर आहे. मला वाटलं होतं साधी असेल. भाट्याच्या पुलावर वाऱ्याने पदर उडतोय, ही हसतेय. पाण्यात उभी आहे, ही हसतेय. एका व्हिडिओत ती त्याला ‘दर्श्या’ म्हणून हाक मारते आणि कॅमेरा धरलेला दर्शन इतका हसतो, की चित्र हलत राहतं. मी त्याला ‘अहो’ म्हणते. माझ्यासमोर तो असा कधी हसलेला नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा लावला. अंगाचा तिळपापड झाला.

मेलेल्या बाईचा हेवा करतेय मी. करतेय तर करतेय.

६ सप्टेंबर, शनिवार

त्याला दाखवायलाच लागलं. तो लॅपटॉपसमोरून उठत नाही. जेवण तिथेच, चहा तिथेच. सासूबाईसुद्धा चष्मा लावून बसल्या. त्यांनी नवमीसाठी पुलावरचा फोटो निवडला. मी पोळ्या लाटत होते, मला कुणी हाक मारली नाही.

दुपारी दर्शन माझ्याकडे आला. मला वाटलं, आता दोन शब्द बोलेल. त्याने विचारलं, की राहिलेले व्हिडिओ कधी निघतील?

८ सप्टेंबर, सोमवार

केलं. लिहून टाकते, म्हणजे हलकं वाटेल.

तो कामावर, सासूबाई बाजारात. मी आधी नक्कल पुसली. पण पुसलेलं परत येतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? वर दुसरं काही लिहिलं तरच जुनं कायमचं जातं. म्हणून आमच्या लग्नाचा अल्बम घेतला, माझे लहानपणापासूनचे सगळे फोटो घेतले आणि त्या नक्कलेच्या जागी आणि अक्षयाच्या मूळ ड्राइव्हवर ओतले. भरेपर्यंत पुन्हा पुन्हा. तिच्या प्रत्येक हसण्यावर माझा चेहरा. मी गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी सांगितलं, की डोनरचे हेड गेले आणि नक्कलही बिघडली. दर्शनने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, तू खूप केलंस. गार हात.

९ सप्टेंबर, मंगळवार

दर्शन सकाळी हसत आला. म्हणाला, सगळं तर आहे! त्याने ड्राइव्ह जोडली होती. पडद्यावर आमच्या लग्नाचा अल्बम. मोरपंखी शालू, माझा शालू. साताऱ्याचं कार्यालय, माझे मामा, माझा भाऊ समर्थ. आणि माझ्या जागी अक्षया. मुंडावळ्या बांधलेली, हसणारी.

दर्शन पडद्यावर बोट ठेवून मला म्हणाला, किती छान दिसत होतीस.

कुणीतरी फोटो बदललेत म्हणावं, तर ड्राइव्हला हात लावणारी मी एकटी.

१० सप्टेंबर, बुधवार

माझ्या फोटोंच्या तीन प्रती आहेत. शास्त्राप्रमाणे. लॅपटॉपवरची उघडली. अक्षया. दुसऱ्या ड्राइव्हवरची, जी कपाटात बंद होती. अक्षया. शाळेच्या सहलीतसुद्धा, दोन वेण्या घातलेली अक्षया.

तिसरी प्रत साताऱ्याला समर्थकडे. फोन केला. तो नीट बोलला, अगदी आदराने. म्हणाला, ताईला जाऊन दोन वर्षं झाली तरी तुम्ही आमची चौकशी करता, बरं वाटतं. मी ओरडले, अरे मीच तुझी ताई, मृणाली! तो म्हणाला, अक्षयाताई, असं नका हो बोलू. आईला हे ऐकवणार नाही.

सख्खा भाऊ.

११ सप्टेंबर, गुरुवार

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

सासूबाई मला अक्षया म्हणतात. मी म्हटलं मी मृणाली, तर त्यांनी कपाळाला हात लावून ताप बघितला. अगो बाय, गेलेल्या माणसाचं नाव असं स्वतःला लावू नये, म्हणाल्या. मृणाली बिचारी डेंग्यूने गेली, तू कशाला मनाला लावून घेतेस.

आज बांगड्याचं तिखलं मी केलं. तिरफळं किती घालायची, कुणाला विचारलं नाही. हातांना ठाऊक होतं. घरात सगळ्यांनी बोटं चाटली. मी काटे न बघता काढले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

लिहून ठेवते, नाहीतर जाईल. मी मृणाली. साताऱ्याची. आमच्या गल्लीचं नाव — शाळेच्या बाजूला — आत्ता होतं. शाळेचं नाव —

ड्राइव्हवर खराब जागा पडतात तसं. वाचायला जावं, तर रिकामं.

मी त्याला आज दर्श्या म्हणाले. ठरवून नव्हे. तो हसला. तसाच हसला, व्हिडिओतल्यासारखा. आणि मला — मला बरं वाटलं. देवा, किती बरं वाटलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आरशात बघत नाही. एकदा बघितलं. नाही.

भिंतीवरचा ओळखपत्राचा फोटो बदललाय. आता वेगळीच बाई आहे. जाड भुवया, चष्मा. मला ती ओळखीची वाटते. सासूबाई म्हणाल्या, तीच ती घाटावरची. नवी साडी आधी तिच्यापुढे ठेव.

ठेवली. राग आला. का ठेवायची?

१४ सप्टेंबर, रविवार

मागची पानं वाचली. अक्षर माझं नाही. माझं आहे. कुणीतरी मृणाली, फार जळकी. माझ्या नवऱ्यावर —

दर्शनने ड्राइव्ह माझ्या हातात दिली. मृणालीची एवढीच आठवण आहे, म्हणाला. तुला येतं ना हे काम, जपून ठेव. बोलताना डोळे भरले त्याचे. दुसऱ्या बाईसाठी. माझ्यासमोर.

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. शेजारी तिचा फोटो, हार घातलेला. शेजारची सवाष्ण जेवून गेली.

दर्शन फोटोपुढे बसलाय. उठत नाही. मी दोनदा हाक मारली. असा रडतो तो तिच्यासाठी? माझ्यासाठी कधी —

जिवंतपणी काय केलं असेल हिने त्याला.

सगळे बाहेरच्या खोलीत. मी आत आले. तिची ड्राइव्ह जोडली. आता तिच्यावर प्रत्येक फोटोत ती भिंतीवरची, जाड भुवयांची बाई. नुसतं पुसून भागत नाही, वर लिहायला लागतं. हे मला कसं ठाऊक? असो. ठाऊक आहे.

एकेक फोटो उघडते, बघते, वर लिहिते. बघायलाच हवं. सवत कशी होती ते कळायला हवं.

कॉलेजातला — गेला. दुकानातला, हातात स्क्रूड्रायव्हर — गेला. लग्नातले — गेले. सगळे गेले. बोलावतायत मला बाहेरून. येते म्हटलं.

एकच राहिला. जुना. लहान मुलगी पायरीवर बसलीय, जाड भुवयांची. मागे एक बाई तिची वेणी घालतेय. कंगवा दातांत. हसतेय. ही बाई —

ही बाई मला —

हिच्या हाताला खोबरेल तेलाचा वास येतो. हे फोटोत नाही. हे मला माहीत आहे. ही माझी आ